‘सफाई’ नावाचं बटण

माझ्या संगणकाने मला नापास केलं तेव्हा मी एका नवरीच्या गालावरची पुळी काढत होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. तिच्यात मोठ्या अदबीने लिहिलं होतं की या विंडोजची देखभाल आता बंद होत आहे, तरी नवी विंडोज घ्यावी; आणि त्याच्याच खाली, आपला संगणक नव्या विंडोजसाठी पात्र नाही. म्हणजे जेवायला अवश्य या, पण तुमचं पान मांडलेलं नाही. मी आधी पुळी काढली, मग चौकट बंद केली आणि आमच्या ह्यांना हाक मारली. हे एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून संगणकाभोवती एक फेरी मारली, मागच्या जाळीला हात लावून पाहिला आणि निकाल दिला, "इंजन तं गरम नाई होऊन राहिलं. काहून बदलते?"

मी कुंदा. अमरावतीत घराच्या पुढच्या खोलीत बसून एकोणतीस वर्षं फोटो दुरुस्त करते. फोटो काढत नाही; काढणारे वेगळे. ते काढतात आणि मी निस्तरते. परतवाडा, अचलपूर, धामणगाव, इकडे पार अकोल्यापर्यंतचे लग्नाचे फोटो माझ्याकडे येतात. लोकांना वाटतं, यात काय, संगणक करतो सगळं. त्यांना मी म्हणते, बसा एक तास. सहाशे फोटोंत मामाचे डोळे पाचशे नव्वद ठिकाणी मिटलेले असतात. ज्या दहा ठिकाणी उघडे आहेत तिथून ते काढून बाकीच्यांत बसवायचे, तेही मामाला कळू न देता. हळदीत भिजलेली नवरी फोटोत कावीळ झाल्यासारखी दिसते, तिला हळदीचीच ठेवून बरी करायची. आणि "जरा गोरं करून द्या" हे तर मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या खोलीच्या दारावरच पाटी लावायला हवी होती. मी करून दिलं. अख्ख्या तालुक्याला मी गोरं करून दिलं आहे, आणि ते काही भूषण म्हणून सांगत नाही.

तर, संगणक नापास झाल्यावर माझ्यापुढे तीन स्थळं आली. पहिलं, नवा संगणक आणि त्यावर नवी विंडोज. घराणं ओळखीचं, पण चांगला चालणारा संगणक भंगारात द्यायचा हे ह्यांना मान्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. दुसरं स्थळ पुण्याच्या लेकीने सुचवलं. "आई, तू सरळ मॅक घे. फोटोवाले सगळे तेच वापरतात." तिने किंमत सांगितली, आणि ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिसरं स्थळ होतं लिनक्स. ते फुकट होतं. फुकटच्या स्थळाबद्दल आपल्याकडे आधी संशय येतो, की मुलात काही खोट असणार.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विंडोज, मॅक, लिनक्स हे घरमालक. आपण ज्यात फोटो दुरुस्त करतो ते प्रोग्राम म्हणजे भाडेकरू. घरमालक बदलला की काही भाडेकरू सोबत येतात, काही साफ नाही म्हणतात. माझा फोटोंचा प्रोग्राम लिनक्सवर येणार नव्हता. तिकडे वेगळे प्रोग्राम होते, तेही फुकट. म्हणजे घरही नवं आणि शेजारही नवा, आणि मी साठीला आलेली. एकोणतीस वर्षांत माझा डावा हात किल्ल्यांवर असा बसला होता की मी भाजी चिरतानासुद्धा चूक झाली तर करंगळी ‘मागे घ्या’च्या किल्लीकडे जायची.

हे तिसरं स्थळ आणलं होतं अकोल्याच्या सलीमभाईने. सलीमभाईचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझा संगणक त्यानेच सुटे भाग जमवून बांधून दिलेला. मी त्याच्याकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच गेले. त्याने चहा मागवला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मशीन तुमची ठणठणीत हाय. तिले म्हातारी कोण म्हणून राहिलं? हे घ्या." त्याने माझ्या हातावर एक पेनड्राइव्ह ठेवला. "याच्यात पूर्ण लिनक्स हाय, फोटोच्या प्रोग्रामासकट. याच्यावरूनच चालते. तुमच्या डिस्कले बोट नाई लावत. एक डाव चालवून पाहा. पसंत नाई आलं तं पेनड्राइव्ह उपसा, खतम. जुनं जसंच्या तसं."

"म्हणजे पाहुणा," मी म्हणाले.

"पाहुणाच. आपला डबा सोबत घेऊन आलेला."

मला ते फार आवडलं. येताना गाडीत मी तो पेनड्राइव्ह तीनदा पर्समधून काढून पाहिला. इतकुसा तुकडा आणि त्यात अख्खा घरमालक मावलेला. बडनेरा आलं तेव्हा मी चक्क उतावीळ झाले होते.

घरी येऊन मी आधी हात धुतले, का ते विचारू नका, आणि पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या, आणि मग एक स्वच्छ, मोकळं पान समोर आलं. ह्यांना मी स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "चाललं," मी म्हणाले. "आवाज तं कमी झाला," हे म्हणाले, आणि खरंच, पंख्याची घरघर थांबली होती. ते दोन दिवस मी नव्या नवरीसारखी त्या घरात फिरले. डबे कुठे, मीठ कुठे, दिवा कुठून लागतो. जे सापडायचं त्याचा आनंद व्हायचा आणि जे सापडायचं नाही त्याला शिव्या बसायच्या. जुन्या अल्बमची फाइल उघडली तर चि. सौ. कां.च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. आमचे मराठी फाँट जुन्या वळणाचे, ते सोबत नेले नाहीत तर अक्षरं अशी वेषांतर करतात. सलीमभाईला फोन लावला. त्याने फाँटची फाइल कुठे टाकायची ते सांगितलं. टाकली, आणि क्षणात सगळ्या नवरानवरींना आपापली नावं परत मिळाली.

मग मी जावयाची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

हा जावई धामणगावचा. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने मोठ्या हौसेने कुटुंबाचा फोटो काढून घेतला होता, भिंतीएवढा करायला. तो माझ्याकडे आला आणि पाठोपाठ स्वतः शेठजी आले. म्हणाले, "बाई, दुसऱ्या रांगेतल्या जावयाले काढा." मी विचारलं, काहून? तर मेहुण्याच्या लग्नात फेटा आधी याला बांधला नाही म्हणून हा रुसून गेला होता आणि काही वाईटसाईट बोलला होता. त्याच्या बायकोचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो हात कुठे ठेवायचा हा माझा प्रश्न. दीड दिवस लागला. मागचा पडदा बनवला, आत्याबाईंचा अर्धा खांदा बनवला, लेकीचा हात खुर्चीच्या पाठीवर नेला. पण जावयाला मी पुसलं नाही. आमच्या कामात थर असतात, काचेवर काच ठेवल्यासारखे. प्रत्येक थराच्या नावापुढे एक बारीक डोळा असतो. डोळा मिटला की तो थर दिसत नाही, उघडला की दिसतो. मी जावयाच्या थराचा डोळा मिटला. दीड वर्षाने शेठजी पुन्हा आले, जरा खाली बघत. "बाई, जावई येऊन राहिले दिवाळीले. त्यांना परत टाकता येईन का?" मी म्हणाले, कठीण आहे, दोन दिवस लागतील. ते गेल्यावर मी डोळा उघडला, जावई हजर. दोन दिवस तसेच जाऊ दिले, कारण एका टिचकीत परत येणाऱ्या जावयाची किंमत राहत नाही. लपवायचं, पुसायचं नाही, हे माझं ब्रीद होतं. निदान मी तसं समजत होते.

तर ती फाइल मी लिनक्सवर उघडली. सगळे थर आले. आत्याबाईंचा खांदा आला, खुर्चीवरचा हात आला. मी जावयाचा डोळा उघडला आणि तो दुसऱ्या रांगेत आपल्या जागी उभा राहिला, फेट्याशिवाय. मी टाळी वाजवली. हे बाहेरून म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "जावई आले." ते खरंच दार उघडायला निघाले.

इतकं होऊनही मी लिनक्सला नकार दिला, आणि तो एका बटणासाठी. त्याचं नाव ‘सफाई’.

भिंतीएवढ्या फोटोला थर ठीक असतात. सहाशे फोटोंच्या अल्बमला थर कोण करत बसणार? म्हणून मी एक युक्ती केली होती. जुन्या प्रोग्राममध्ये सोय होती, की आपण एकदा हाताने करून दाखवायचं, तो ते लक्षात ठेवतो, आणि पुढे एक बटण दाबलं की तसंच करतो. मी त्याला शिकवलं: चेहऱ्यावरचे डाग टिपायचे, कातडी मऊ करायची, रंग एक पायरी उजळायचा, आणि त्याच नावाने जतन करायचं. बटणाला नाव दिलं ‘सफाई’. सहाशे चेहरे, मी बटण दाबून पोळ्या लाटायला जायची, पोळ्या झाल्या की लग्नही झालेलं. त्या बटणावर मी नाव कमावलं. कुंदाताईंकडे दिलं की आठवड्यात अल्बम, हे परतवाड्यापर्यंत माहीत होतं.

सलीमभाईला फोन करून विचारलं, सफाई इकडे आणता येईल का? तो म्हणाला, "ते नाई येणार, ताई. ते बटण तिकडचं. इकडं नवं शिकवा लागन." मी म्हणाले, मग राहू दे. पेनड्राइव्ह उपसला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. हिरमुसले होते, हे कबूल करते. दोन दिवस जीव रमला होता तिथे.

त्यानंतर आठवडाभरात कमल आली.

कमल फुलवाली. बाजारात तिची फुलांची टोपली असते, माझा झेंडू आणि शेवंती वर्षानुवर्षं तिच्याकडून. अचलपूरकडच्या एका खेड्यात तिचं माहेर, तिथे त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा. तिच्या मुलीचं लग्न त्याच गावात झालं होतं आणि अल्बम माझ्याकडूनच गेला होता. त्या दिवशी ती टोपलीशिवाय आली, हातात कापडात गुंडाळलेली फ्रेम. तिची आई, सरूबाई, चार दिवसांपूर्वी गेली होती. मी तिला पाणी दिलं. जवळ बसले.

"तेरवीले फोटो पाह्यजे, ताई," ती म्हणाली आणि फ्रेम उघडली. नातीच्या लग्नातल्या मांडवातला सरूबाईचा फोटो, माझ्याच हातून सफाई होऊन गेलेला. हिरवं लुगडं, पदर डोक्यावर, हसू अगदी फुटता फुटता थांबलेलं.

"हा तर सुंदर आहे. हाच मोठा करू," मी म्हणाले.

कमलने फ्रेम पुन्हा आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "ताई, वाईट नका मानू. फोटो मायचा हाय, पण माय नाई याच्यात. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं."

मी फ्रेम हातात घेतली. हनुवटी गुळगुळीत होती, नव्या वाटीसारखी. आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायकांच्या हनुवटीवर, कपाळावर हिरवट निळे टिपके असतात, जत्रेत गोंदून घेतलेले. माझ्या बटणाला कोणी सांगितलं नव्हतं की डाग आणि गोंदण यांत फरक असतो. मीच सांगितलं नव्हतं. त्याने पुळ्या पुसल्या तसं गोंदण पुसलं, आणि मी पोळ्या लाटत होते.

"तेव्हा काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मायच म्हणे, राहू दे. पाहून हासली. म्हणे, बाईनं मले धुवून काढलं, आता गोंदणारणीले पुन्हा बोलवा." कमलने डोळे पुसले. "टाकून द्या ना तुमी. तुमाले तं येते."

येतंच. गोंदणाचे टिपके काढायला मला पाच मिनिटं लागत नाहीत. मी वही पुढे ओढली. "किती होते? कसे होते, काढून दाखव."

तिने पेन्सिल घेतली, कागदावर टेकवली आणि तशीच थांबली. "पाच," ती म्हणाली. मग म्हणाली, "भाऊ म्हणते तीन. काल त्याच्यावरूनच बोलाचाली झाली आमची. मी रोज पाहत होती वो ताई. पण मोजले कधी?"

घरात दुसरा फोटो होता तो आधार कार्डावरचा, त्यात टिपके सोडा, सरूबाईही नीट ओळखू येत नव्हत्या. नातवाच्या मोबाइलमधले फोटो होते, पण तो मोबाइलही माझ्यासारखाच सफाईवाला. त्यात तर आजी पंचविशीची दिसत होती. कमल उठताना म्हणाली, "शेवटी शेवटी एकच म्हणे, माह्यं एक राहूनच गेलं. काय राहिलं, इचारलं तं हासे, सांगे नाई. भावाच्या मनाले ते लागून राहिलं, का मायची कोणती इच्छा राहिली. आता निदान फोटो तं तिचा पाह्यजे."

ती गेली आणि मी संगणकासमोर बसले. लाज वाटली, आणि स्वतःचा रागही आला. लपवायचं, पुसायचं नाही म्हणून शेठजीच्या जावयासाठी दीड दिवस घालवणारी मी, आणि फुलवालीच्या आईला एका बटणात पुसून त्याच नावाने जतन करून टाकलं. मूळ फोटोच्या डोक्यावर नवा फोटो. मूळ गेला. ज्याने काढला त्या अचलपूरच्या फोटोग्राफरला फोन केला. त्याने धंदा बंद करून रसवंती टाकली होती. "ताई, ती कार्डं कधीच कोरी केली," तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "पण मी तुमाले कच्च्या फाइलीबी देत होतो ना?"

देत होता. चांगला कॅमेरा प्रत्येक फोटोच्या दोन फाइली देतो. एक शिजवलेली, रंगरूप करून तयार, आणि दुसरी कच्ची, म्हणजे कॅमेऱ्याने जसं पाहिलं तसं, निवडून-पाखडून न घेतलेलं. या कच्च्या फाइली वजनाला भारी असतात. माझ्या जुन्या प्रोग्रामला त्याच्या कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली उघडताच येत नव्हत्या. नुसतं पांढरं पान दिसायचं. त्यामुळे अल्बम गेला की जागा करायला मी त्या पुसून टाकायची. किती लग्नांच्या पुसल्या असतील, आठवलं तरी अंगावर काटा येतो.

पण कमल ओळखीची. ओळखीच्या माणसाला नंतर एखादा फोटो लागतो, म्हणून तिचा सगळा फोल्डर मी जशाचा तसा एका वेगळ्या डिस्कवर टाकला होता का? मला आठवेना. कपाटातल्या डिस्का एकेक करून लावल्या. तिसऱ्या डिस्कवर ‘फुलवाली’ असं नाव होतं. उघडलं. फोटो, फोटो, सगळे सफाई झालेले, आणि त्यांच्या शेजारी रांगेने पांढरी पानं. एकही उघडत नव्हतं. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि दिसत काही नव्हतं.

मी ड्रॉवर उघडला आणि पेनड्राइव्ह काढला.

काळा पडदा, पांढऱ्या ओळी, मोकळं पान. सलीमभाईने त्यात कच्च्या फाइलींसाठीच एक वेगळा प्रोग्राम घालून दिला होता, त्याच्याकडे मी पहिल्या खेपेला ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याला ‘फुलवाली’ दाखवला. काही वेळ तो गप्प बसला. मग एकेक पांढरं पान रंगत गेलं. मांडव, वाजंत्रीवाले, नवरीची मावशी, पंगत, आणि हिरवं लुगडं. मी हिरव्या लुगड्यावर दोनदा टिचकी मारली.

फोटो मळकट होता, कच्चे असतातच. सरूबाईंच्या कपाळावरच्या सगळ्या सुरकुत्या होत्या, नाकाजवळ देवीचे दोन व्रण होते, आणि हनुवटीवर गोंदण होतं. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. हे धावत आले आणि मला म्हणाले, "आता कोण आलं?"

"सरूबाई," मी म्हणाले, आणि मला रडू आलं आणि मी हसतही होते. इतका आनंद मला माझ्या कामात कधी झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगते.

मग मी जवळ जाऊन टिपके मोजले. मोठं करून मोजले. ह्यांना मोजायला लावले. चार होते. तीनही नव्हेत आणि पाचही नव्हेत. एक वर, एक खाली, एक इकडे, एक तिकडे, आणि खालचा जरा उजवीकडे घसरलेला. मधली जागा रिकामी.

त्या रिकाम्या जागेकडे मी बराच वेळ पाहत होते. हात शिवशिवत होता. मधे एक टिपका ठेवला की पाच होतात, नक्षी पुरी होते, कमल खूश. गिऱ्हाईक म्हणेल ते देणं यावरच माझा संसार चालला आहे. मी कमलला फोन केला. "गोंदण सापडलं. पण चार आहेत."

"नाई वो ताई, पाच होते."

"फोटोत चार आहेत, कमल. मी चारच देईन."

मग ती म्हणाली, "द्या."

तो फोटो मी त्या नव्या प्रोग्रामवर केला. अंधार थोडा उचलला, लुगड्याचा हिरवा रंग हिरवा केला, बाकी चेहऱ्याला हात लावला नाही. काम करताना कळलं की हा प्रोग्राम कच्च्या फाइलला मुळी शिवतच नाही. आपण काय काय केलं याची चिठ्ठी तो शेजारी लिहून ठेवतो. चिठ्ठी फाडली की मूळ पुन्हा समोर. मी मुद्दाम चारपाच वेळा फाडून पाहिली. दर वेळी सरूबाई व्रणांसकट, टिपक्यांसकट परत आल्या. पोरीबाळी झोका सोडत नाहीत तशी मी ते करत राहिले. माझ्या छपाईच्या मशीनने मात्र या पाहुण्याशी बोलायला साफ नकार दिला, तेव्हा फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन राजकमल चौकातून छापून आणला. म्हणजे स्थळात खोट नव्हती असं नाही. आहे ते सांगितलेलं बरं.

तेरवीला मी फ्रेम टॉवेलात गुंडाळून एसटीने कमलच्या माहेरी गेले. कमलच्या भावाने ती माझ्या हातून घेतली, पाटावर ठेवली, झेंडूचा हार घातला. मग खाली वाकून पाहिलं. पाहणाऱ्या बायांनी लगेच तोंडाला पदर लावला, म्हणजे ओळख पटली होती. पण भाऊ सरळ उभा राहून म्हणाला, "ताई, गोंदण आलं, चांगलं झालं. मी तीन म्हणत होतो ते चुकलं. पण हे काय चारच? मधला तुमच्याकडून सुटला काय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "माझ्याकडून नाही सुटला." मला वाटून गेलं की टाकला असता तो टिपका तर काय बिघडलं असतं.

भिंतीला टेकून कमलचे मामा बसले होते, सरूबाईंचे धाकटे भाऊ, सदाशिवमामा. ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "इकडं आणा तो फोटो." भावाने फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. मामांनी चष्मा पुसला, फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते.

"चारच हायेत," मामा म्हणाले. "चारच होते. रिद्धपूरच्या जत्रेत बसवलं होतं तिले गोंदाले. मी होतो सोबत, एवढुसा. चार टोचून घेतले तिनं, खालच्याले हालली, म्हणून तो वाकडा हाय पाहा. मधला पाचवा टोचाले गोंदणारीन वाकली, तं ही उठून पळाली. साऱ्या जत्रेत आमचा बाप तिच्या मागं. सापडली ते रेवडीच्या दुकानामागं." मामांनी हनुवटीवरच्या रिकाम्या जागेवर काचेवरून बोट ठेवलं. "जिंदगीभर मले चिडवे. म्हणे, सदा, माह्यं एक राहूनच गेलं."

कमल मामांच्या शेजारी खाली बसली. तिचा भाऊ फोटोकडे पाहत होता, मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हेच?" तो म्हणाला. "हेच राहिलं होतं तिचं?" आणि मग कमल हसली, मामा हसले, आणि तेरवीच्या घरात बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. कमलने माझा हात धरला तो जेवणाची पानं मांडेपर्यंत सोडला नाही.

परतताना परतवाड्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत मी सलीमभाईला फोन लावला. म्हणाले, "बसवून दे लिनक्स. कायमचं. गुरुवारी येते मशीन घेऊन."

तोही खूश झाला. "बहोत बढिया, ताई. आणि ते सफाईचं बटण?"

"ते नको."

"ठीक हाय. मंग जुनं सारं पुसून टाकू ना डिस्कवरचं? जागा होईन."

गाडी लागत होती, लोक धक्काबुक्की करत होते, मला मोठ्याने बोलावं लागलं.

"सलीमभाई, जागा कमी पडू दे," मी म्हणाले. "पुसू नको काही."